पान तीनशे सतरा

चाळीस सेकंदांचा सिनेमा.
सेकंदाला बारा चित्रं,
म्हणजे चारशे ऐंशी पानं,
आणि प्रत्येक पान यंत्रातून दोनदा:
आधी निळं, मग पिवळं.
हेल्यूला हिशेब तोंडपाठ.
तार्तूच्या छापखान्यात पस्तीस वर्षं
तिनं मासळीच्या डब्यांची लेबलं छापली,
आगगाड्यांची वेळापत्रकं,
एका हिवाळ्यात नुसत्या मतपत्रिका.
हातून एक डाग सुटला नाही, म्हणते.

सिनेमात घडतं ते एवढंच:
गोठलेल्या एमायोगी नदीवरून
एक माणूस घसरगाडीला आरसा बांधून नेतो.
आरशात आभाळ.
कुठून नेतो, कुणाकडे,
तोर्मीनं काढलेलं नाही.
विचारलं तर म्हणतो, त्याला ठाऊक नाही.
त्याला म्हणजे कुणाला,
हे मी विचारायचं टाळलं.

भाताच्या कोंड्याच्या तेलातली ही शाई
पुरती अशी वाळतच नाही.
आणि पिवळा थर निळ्यावर नेमका बसत नाही,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
म्हणून पडद्यावर माणूस थांबला तरी
कुडकुडत राहतो.
हे आम्हांला हवंच होतं.

नको होतं ते
सत्ताविसाव्या सेकंदातल्या पाचव्या चित्रात,
वर, उजव्या कोपऱ्यात,
जिथं धरून पान उचलतात तिथं:
आभाळात
निळा अंगठा.

संकलन माझ्याकडे, म्हणून आधी मला दिसला.
डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो नि जातो,
पण एकदा दिसला की
दुसरं काही दिसत नाही.

काढून टाक, हेल्यू म्हणाली.
तिनं चष्माही लावला नाही,
स्वतःचा अंगठा लांबून ओळखू येतो.

काढला.
त्या जागी तीनशे सोळाचीच नक्कल ठेवली.
माणूस क्षणभर अडखळला,
घरात काही विसरून आल्यासारखा.
ते वाईट दिसत नव्हतं,
पण ते खोटं होतं. तो काही विसरला नव्हता.

मग तोर्मीनं पान नव्यानं काढलं,
हेल्यूनं नव्यानं छापलं,
तोवर पिवळ्याची नळी बदललेली.
नवं पिवळं लिंबासारखं.
पडद्यावर वीज चमकली,
बर्फावर, निरभ्र दुपारी.

राहू दे अंगठा, तोर्मी म्हणाला.
हेल्यू तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.
कॉफी मात्र तिघांचीच करत होती.

शाळेच्या जिमखान्यात पहिला खेळ.
घडीच्या खुर्च्या, भिंतीला चादर,
ओल्या बुटांचा वास.
सत्ताविसाव्या सेकंदाला
पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं:
डोंगर!
या गावात डोंगर नाही,
आसपासच्या चार गावांतही नाही.
लोक हसले. पुढची तेरा सेकंदं
माझ्या आवडीची होती, ती हसण्यातच गेली.

जाताना दारात आम्ही पानं वाटली,
ज्याला जे येईल ते, एकेक.
आता तो माणूस
साडेचारशेच्या वर घरांत उभा आहे,
फ्रिजवर, हिशेबाच्या वहीत,
कुणाच्या खिडकीची फट बुजवायला,
आणि कुठंच चालत नाही.

ते पोर तीनशे सतरा मागत होतं.
गठ्ठ्यात नव्हतं.
हेल्यूनं ओठ मिटून त्याला दुसरं दिलं,
आरसा पुरा दिसतो असं.
पोरानं ते उलटंसुलटं करून पाहिलं,
पाठीमागे डोंगर असेल म्हणून.

तिच्या कोटाचा खिसा
एका कागदाएवढा फुगलेला होता.
मी काही बोलले नाही.
रस्त्याला लागेपर्यंत ती अंगठा
कोटालाच पुसत होती,
शाई नव्हती तरी.